सेवा, सत्ता आणि विश्वास : चीनमधील ख्रिस्ती मिशनकार्य



चीनमधील ख्रिस्ती मिशनकार्याविषयी दोन टोकांची मते नेहमी ऐकावयास मिळतात. एका मतानुसार मिशनरी हा साम्राज्यशाहीचा अग्रदूत होता. त्याच्या एका हाती बायबल होते आणि दुसऱ्या हाती पराभूत चीनवर लादलेला तहनामा. दुसऱ्या मतानुसार मिशनरी हा निखळ करुणेचा पुतळा होता. त्याने रुग्णालये उघडली, मुलींना शाळेत आणले, दुष्काळात भुकेल्यांना अन्न दिले. दोन्ही मतांना इतिहासात भरपूर पुरावा सापडतो आणि म्हणूनच दोन्ही अपुरी ठरतात. खरा प्रश्न निराळा आहे. परक्याने केलेली सेवा एखादा समाज केव्हा स्वीकारतो, केव्हा तिच्याकडे संशयाने पाहतो आणि केव्हा ती आपलीच मानू लागतो? चीनचा अनुभव दीर्घ आणि गुंतागुंतीचा असल्यामुळे ह्या प्रश्नाचा विचार करावयास तो विशेष उपयुक्त आहे.

ख्रिस्ती धर्म चीनमध्ये प्रथम आला तो युरोपातून नव्हे. शीआन येथील शिलालेख-संग्रहालयात इ. स. ७८१ मध्ये उभारलेली एक भव्य शिळा आहे. सिरियाई परंपरेतील आलोपेन नावाचे धर्मोपदेशक इ. स. ६३५ मध्ये थांग घराण्याच्या राजधानीत आले आणि सम्राटाने त्यांचे स्वागत केले, अशी नोंद तीवर चिनी लिपीत कोरलेली आहे. पुढे इ. स. ८४५ मध्ये प्रामुख्याने बौद्ध मठांविरुद्ध निघालेल्या राजाज्ञेच्या तडाख्यात हा लहानसा समाजही सापडला आणि हळूहळू दिसेनासा झाला. मंगोल राजवटीत तेराव्या-चौदाव्या शतकांत पुन्हा एकदा चर्च उभे राहिले आणि त्या राजवटीबरोबरच मावळले. राजाच्या कृपेवर उभे असलेले कार्य त्या कृपेबरोबरच संपते, हा पहिला धडा चीनने फार लवकर दिला होता. पुढच्या काळात तो अनेकांनी अनेकदा विसरून पाहिला.

सोळाव्या शतकातील प्रयत्नांचा मार्ग गोव्यावरून जात होता. फ्रान्सिस झेवियर ह्यांचा मृत्यू डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील शांगछुआन बेटावर झाला. मुख्य भूमीवर पाऊल ठेवण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली आणि त्यांचा देह अखेर गोव्यात विसावला. त्याच वर्षी इटलीत जन्मलेले माटेओ रिच्ची हे १५७८ मध्ये गोव्यास आले, १५८० मध्ये कोचीन येथे त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते मकावला पोहोचले. त्यांच्याच संघातील फादर स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्यास आले व येथेच राहिले. त्यांनी मराठी आत्मसात करून १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, हे मराठी वाचकांस सुपरिचित आहे. लोकांशी बोलावयाचे तर त्यांच्या भाषेत, आणि भाषेत शिरावयाचे तर तिच्या श्रेष्ठ साहित्यातून, हे सूत्र ह्या दोघांनीही स्वीकारले होते.

रिच्चींनी आरंभी बौद्ध भिक्षूचा वेष घेतला. परंतु चीनमध्ये समाजाचे नेतृत्व भिक्षूंकडे नसून परीक्षा उत्तीर्ण होऊन राज्यकारभार पाहणाऱ्या विद्वानांकडे आहे, हे ध्यानात येताच १५९५ च्या सुमारास त्यांनी विद्वानाचा वेष धारण केला व कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचे अध्ययन केले. १६०१ मध्ये त्यांना बीजिंगमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. १६०२ मध्ये त्यांनी चिनी भाषेतील जगाचा विशाल नकाशा प्रसिद्ध केला आणि शू ग्वांगछी ह्या विद्वान अधिकाऱ्याच्या साहाय्याने युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा खंडांचे भाषांतर १६०७ मध्ये पूर्ण केले. ह्या भाषांतराची पद्धत अशी की रिच्ची तोंडी अर्थ सांगत आणि शू तो चिनी गद्यात उतरवीत. ‘बिंदू’, ‘रेषा’, ‘समांतर’ ह्यांसारख्या संकल्पनांसाठी त्या वेळी योजलेल्या संज्ञा चिनी गणितात आजही वापरात आहेत. शू स्वतः ख्रिस्ती झाले होते, पण कन्फ्यूशियसचा त्याग केला असे त्यांना कधी वाटले नाही. रिच्ची १६१० मध्ये निवर्तले तेव्हा सम्राटाने त्यांच्या दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली.

ह्या विश्वासाला तडा गेला तो चीनमध्ये नव्हे, युरोपात. पूर्वजांच्या स्मृतिफलकापुढे नमन करणे आणि कन्फ्यूशियसला वंदन करणे हा सामाजिक शिष्टाचार आहे की मूर्तिपूजा, असा वाद मिशनरी संघांमध्ये पेटला. कांगशी सम्राटांनी १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्मास मुभा दिली होती आणि ह्या विधींत पूजेचा भाव नाही असे स्पष्टही केले होते. तरीही रोमचा निर्णय विरुद्ध गेला. १७०४ आणि १७१५ मध्ये हे विधी निषिद्ध ठरविण्यात आले व १७४२ मध्ये त्या निषेधावर अखेरची मोहोर उमटली. चिनी शब्द नीट न जाणणारे परके लोक चिनी रीतिरिवाजांचा न्यायनिवाडा करू पाहतात, हे सम्राटांना असह्य झाले. १७२१ मध्ये त्यांनी धर्मप्रसारावर बंदी घातली आणि पुढच्या सम्राटांनी १७२४ मध्ये ती अधिक कडक केली. रोमने हा निषेध मागे घेतला तो १९३९ मध्ये. दोनशे वर्षे सामान्य चिनी ख्रिस्ती माणसाने आईबापांचे श्राद्ध सोडावयाचे की धर्म सोडावयाचा, अशा पेचात काढली. निर्णय दूर होत होते, किंमत मात्र घरात मोजली जात होती.

एकोणिसाव्या शतकाचे वारे वेगळे होते. लंडन मिशनरी सोसायटीचे रॉबर्ट मॉरिसन हे १८०७ मध्ये कँटनला पोहोचले, तेव्हा परक्यास चिनी भाषा शिकविणे हाही अपराध समजला जात असे. तेथे राहता यावे म्हणून १८०९ पासून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीत दुभाष्याची नोकरी पत्करली. दिवसा कंपनीचे कागद आणि रात्री बायबलचे भाषांतर असा त्यांचा क्रम होता. त्यांचे संपूर्ण बायबल १८२३ मध्ये निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी बंगालमधील सेरामपूरच्या मुद्रणालयातून जोशुआ मार्शमन व योहानस लासार ह्यांचे चिनी बायबल प्रसिद्ध झाले होते. विल्यम कॅरी ह्यांचे १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८११ चा मराठी ‘नवा करार’ ही पुस्तकेही त्याच सेरामपूरची. परंतु मॉरिसन ज्या कंपनीचे वेतन घेत होते, तीच कंपनी कलकत्त्यात लिलावाने अफू विकत होती आणि ती अफू चोरट्या मार्गाने चीनमध्ये जात होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई. धर्मोपदेशक आणि अफूचा व्यापारी पुष्कळदा एकाच जहाजाने प्रवास करीत. किनाऱ्यावरून पाहणाऱ्या चिनी माणसाला त्या दोघांतील भेद कसा कळावा?

ह्या विसंगतीचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे कँटनचे नेत्र-रुग्णालय. १८१३ मध्ये मुंबईत मराठी भाषिकांत कार्य सुरू करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मंडळानेच पीटर पार्कर ह्या डॉक्टरांना चीनला पाठविले होते. नोव्हेंबर १८३५ मध्ये त्यांनी हे रुग्णालय उघडले. त्यासाठी जागा मिळाली ती हौक्वा ह्या नामांकित चिनी व्यापाऱ्याची. पहिल्याच वर्षी दोन हजारांहून अधिक रुग्ण आले. मोतीबिंदू काढून पुन्हा दिसू लागलेल्या माणसाला तहनाम्यातील कलमांशी काही कर्तव्य नव्हते. मोठमोठ्या गाठी झालेल्या रुग्णांची चित्रे लाम क्वा ह्या चिनी चित्रकाराने काढली, ती आजही जपून ठेवलेली आहेत. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, तरी लोक शस्त्रक्रियेस तयार होत, ह्यावरून विश्वास किती बसला असेल ह्याची कल्पना येते.

१८३९ मध्ये अफूचा बंदोबस्त करण्यासाठी लिन झेशू हे शाही आयुक्त कँटनला आले. त्यांनी परक्या व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू हस्तगत केली आणि जून महिन्यात हूमेन येथे ती नष्ट केली. ह्याच लिन ह्यांना अंतर्गळाचा विकार होता. त्यांनी पार्करकडे निरोप पाठवून औषधोपचार विचारला. अधिकारपदाच्या मर्यादेमुळे दोघांची भेट झाली नाही, पण पार्कर ह्यांनी पट्टा पाठवून दिला आणि रुग्णांच्या वहीत ६५६५ ह्या क्रमांकाखाली त्याची नोंद केली. अफूच्या व्यसनावर काही उपाय आहे काय, अशी विचारणाही लिन ह्यांनी केली होती. परक्यांच्या व्यापाराशी निकराने झुंजणारा हा अधिकारी परक्याच्या वैद्यकावर विश्वास टाकू शकत होता. व्यापार आणि औषध ह्यांतील फरक त्याला कळत होता. दुर्दैवाने पार्कर ह्यांनाच तो पुढे राखता आला नाही. १८४४ मध्ये अमेरिकेने चीनशी केलेल्या वांगशिया येथील तहाच्या वाटाघाटींत ते दुभाषे व सचिव होते. त्या तहाने बंदरांमध्ये रुग्णालये व प्रार्थनामंदिरे बांधण्याचा हक्क मिळवला. पुढे अमेरिकेचे राजप्रतिनिधी म्हणून काम करीत असताना तैवानवर अमेरिकेने ताबा मिळवावा, असाही आग्रह त्यांनी धरला. शल्यचिकित्सकाने मिळविलेला विश्वास मुत्सद्द्याने खर्च केला, असेच म्हणावे लागते.

१८५८ आणि १८६० च्या तहांनी मिशनऱ्यांना देशाच्या अंतर्भागात जाण्याचा हक्क दिला आणि त्याबरोबर एक नवे दुखणे निर्माण झाले. जमिनीचा वा पाण्याचा तंटा न्यायालयात गेला की ख्रिस्ती पक्षकाराच्या पाठीशी मिशनरी आणि मिशनऱ्याच्या पाठीशी परकी वकिलात उभी राही. दंडाधिकारी धास्तावत, शेजारी चिडत. काही लोक श्रद्धेने ख्रिस्ती झाले, काही पोटासाठी झाले आणि काही खटला जिंकण्यासाठी. गावातील सरळ कलहाला अशा रीतीने धर्मकलहाचे रूप येऊ लागले.

सेवासुद्धा ह्या संशयातून सुटली नाही. तिएनजिनमध्ये फ्रेंच जोगिणींचे एक अनाथालय होते. मरणासन्न बालकांना निदान बाप्तिस्मा मिळावा ह्या हेतूने मुले आणून देणाऱ्यास तेथे काही रक्कम दिली जाई. हेतू दयेचा असला तरी व्यवहाराचा अर्थ लोकांनी वेगळा लावला. पैसे मिळतात म्हणून मुले पळविली जातात, अशी बोलवा उठली. १८७० च्या उन्हाळ्यात साथ येऊन अनाथालयातील बरीच मुले दगावली आणि लहानशा शवपेट्या बाहेर जाताना लोकांनी पाहिल्या. जोगिणी मुलांचे डोळे व काळीज काढून औषधे करतात, अशी अफवा पसरली. २१ जून रोजी जमाव जमला असता फ्रेंच वकिलाने पिस्तूल झाडले आणि मग अनर्थ ओढवला. स्वतः वकील, दहा जोगिणी व आणखी काही परकीय मारले गेले. अनेक चिनी ख्रिस्तीही बळी पडले. त्या जोगिणींनी खरोखर शेकडो बालकांची शुश्रूषा केली होती. पण दारे बंद ठेवून केलेली सेवा, तिच्यामागे उभी असलेली परकी तोफ आणि बालकांमागे दिली जाणारी रक्कम ह्यांनी मिळून त्या सेवेचा अर्थच पालटून टाकला. चांगल्या हेतूने लोकांचा विश्वास आपोआप मिळत नाही. लोकांना काय दिसते ह्यावर तो ठरतो.

सहा-सात वर्षांनी उत्तर चीनवर भीषण दुष्काळ कोसळला. १८७६ ते १८७९ ह्या काळात पाऊस न पडल्याने शान्सी, शान्तुंग आदी प्रांत ओसाड झाले. मृतांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ह्याच काळात दख्खनचे पठारही १८७६-७८ च्या दुष्काळात होरपळत होते. पावसाने दगा दिला तो दोन्ही देशांना एकदमच. वेल्समधून आलेले टिमथी रिचर्ड हे शान्तुंगमध्ये आणि नंतर शान्सीत मदतकार्य करीत हिंडले. गर्दीत चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून माणसांना रांगेने खाली बसवून हाती पैसे देणे, गावच्या याद्या अगोदर तयार करणे, स्थानिक अधिकाऱ्यांना विश्वासात घेणे अशा साध्या पण उपयुक्त पद्धती त्यांनी वापरल्या.

परंतु ह्या दुष्काळातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. परके लोक अनाथ मुले गोळा करीत आहेत ही वार्ता ऐकून सूचौ आणि शांघाय परिसरातील चिनी सद्‌गृहस्थ अस्वस्थ झाले. शे जियाफू ह्यांच्यासारख्या दानशूरांनी स्वतः निधी जमवला, उत्तरेकडे जाऊन मदतकेंद्रे उघडली, दुष्काळाची हृदयद्रावक चित्रे छापून वाटली आणि हजारो लोकांकडून वर्गणी गोळा केली. त्यांच्या मनात करुणा होती, तशी स्पर्धाही होती. प्रांताच्या सीमा ओलांडून परक्या जिल्ह्यातील लोकांसाठी धावून जाण्याची ही नवी चिनी परंपरा मिशनऱ्यांच्या आव्हानातून बळावली. सेवेचे असेही एक फळ असते. सेवकाला ते बहुधा दिसत नाही.

१९०० मध्ये बॉक्सर उठाव झाला. दुष्काळ, बेकारी, परक्यांचा उद्दामपणा आणि दरबाराचे उत्तेजन ह्या सर्वांचा तो स्फोट होता. शान्सीत मिशनरी कुटुंबांची मुलाबाळांसह कत्तल झाली. चिनी ख्रिस्ती तर हजारोंच्या संख्येने मारले गेले. त्यानंतर आठ राष्ट्रांच्या फौजांनी बीजिंगमध्ये केलेली लूटही तितकीच लज्जास्पद होती. त्या फौजांतील ब्रिटिश तुकडीत बहुसंख्य सैनिक हिंदी होते, हे विसरता येत नाही. १९०१ च्या करारान्वये चीनवर ४५ कोटी तेल चांदीचा दंड बसला. ह्या प्रसंगी दोन निर्णय वेगळे उठून दिसतात. हडसन टेलर ह्यांच्या चायना इनलँड मिशनची सर्वाधिक माणसे मारली गेली होती. तरी त्या संस्थेने भरपाई नाकारली. आणि शान्सीच्या दंडातून पाच लाख तेल विद्यापीठासाठी खर्च करावेत, असे टिमथी रिचर्ड ह्यांनी सुचविले. त्यातून १९०२ मध्ये तैयुआन येथे शान्सी विद्यापीठ उभे राहिले. पाश्चात्य विद्यांचा विभाग ठरावीक काळ रिचर्ड ह्यांच्या देखरेखीखाली राहिला आणि १९११ पर्यंत तो प्रांताच्या हाती सोपविण्यात आला होता. मुदत ठरवून काम हाती घेणे आणि ते सोडून देणे ही त्या काळच्या मिशनांत दुर्मीळ गोष्ट होती.

आता समाज झपाट्याने बदलू लागला. १९०५ मध्ये शतकानुशतके चालत आलेली राजपरीक्षा बंद झाली. १९११ च्या क्रांतीने राजघराणे गेले. त्या क्रांतीचे नेते सुन यत-सेन ह्यांनी वैद्यकाचा पहिला पाठ १८८६ मध्ये पार्कर ह्यांच्या परंपरेतील त्याच कँटनच्या रुग्णालयात घेतला होता. परंतु ह्या बदलाचा खरा मागोवा घ्यावयाचा तर दोन चिनी स्त्रियांकडे वळावे लागेल.

कांग चंग आणि शी मेइयू ह्या दोघींचा जन्म १८७३ चा, च्यूच्यांग परिसरातील. पहिलीला गरट्रूड हाउ ह्या मिशनरी शिक्षिकेने लहानपणीच आपली मुलगी म्हणून वाढविले. दुसरीचे वडील चिनी पाळक होते. लोकापवादाची पर्वा न करता त्यांनी मुलीचे पाय बांधले नाहीत. १८९६ मध्ये दोघी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय पदवीधर होऊन मायदेशी परतल्या. पाश्चात्य वैद्यक शिकलेली, चिनी बोलणारी, मोकळ्या पायांनी ताठ चालणारी स्त्री-डॉक्टर हे दृश्यच लोकांना नवे होते. सुधारणावादी लेखक लिआंग चिचाव ह्यांनी कांग चंग ह्यांच्यावर लेख लिहून नव्या चिनी स्त्रीचा आदर्श म्हणून त्यांना पुढे मांडले. त्यांच्या ख्रिस्ती असण्याचा उल्लेख मात्र त्यांनी सोयीने टाळला. पुढे कांग चंग नानचांगला गेल्या. शी मेइयू ह्यांनी च्यूच्यांगच्या रुग्णालयात शेकडो परिचारिका तयार केल्या आणि १९२० मध्ये शांघायमध्ये स्वतंत्र संस्था उभारली. परक्या मंडळाच्या हुकमाखाली काम करावयाचे नाही, हा त्यामागील एक विचार होता. सेवेची सूत्रे कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न आता चिनी ख्रिस्ती स्वतःच विचारू लागले होते.

१९१० मध्ये एडिंबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेंवर प्रतिनिधींत आशियाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. तेथे चेंग जिंगयी ह्या तिशीही न गाठलेल्या चिनी पाळकाने सात मिनिटांच्या भाषणात सांगितले की, पाश्चात्य पंथभेदांशी चिनी ख्रिस्ती माणसाला काही देणेघेणे नाही. त्याला एकच, चिनी चर्च हवे आहे. त्याच परिषदेत भारताचे व्ही. एस. अझरिया ह्यांनी मिशनऱ्यांच्या त्यागाची कृतज्ञतापूर्वक नोंद घेऊन त्यांच्याकडे बरोबरीच्या मैत्रीची मागणी केली. चीन व भारत येथून आलेल्या ह्या दोन तरुणांनी एकच दुखणे दोन भाषणांत मांडले. १९२२ मध्ये बीजिंगमध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांची जागतिक परिषद भरली तेव्हा चिनी विद्यार्थ्यांनी तिच्याविरुद्ध प्रचंड चळवळ उभारली, आणि ही भाषणे किती दूरदृष्टीची होती हे कळून आले.

ह्या कालखंडातील सर्वांत फलदायी प्रयोग यान यांगचू ह्यांचा म्हणावा लागेल. सिच्वानमध्ये जन्मलेले व मिशनच्या शाळेत शिकलेले यान हे १९१८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठातून पदवीधर झाले आणि वाय. एम. सी. ए. तर्फे फ्रान्सला गेले. पहिल्या महायुद्धात खंदक खणणे, ओझी वाहणे, प्रेते पुरणे ह्यांसाठी सुमारे एक लाख चाळीस हजार चिनी मजूर तेथे आणले गेले होते. ते निरक्षर होते. घरी पत्र लिहून घेण्यासाठी रोज रात्री यान ह्यांच्याभोवती गर्दी करीत. इतरांची पत्रे लिहीत बसण्यापेक्षा त्यांना लिहावयास शिकवावे, असे त्यांनी ठरविले. नित्य वापरातील सुमारे एक हजार अक्षरे निवडून त्यांनी वर्ग सुरू केले. मजुरांना बुद्धी नाही ही समजूत खोटी आहे, त्यांना संधी नव्हती, हे त्यांना तेथे उमगले. चिनी शेतमजुराविषयीचे चिनी विद्वानाचे हे अज्ञान दूर झाले ते फ्रान्समधल्या छावणीत.

मायदेशी परतल्यावर १९२३ मध्ये त्यांनी लोकशिक्षणाची राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि १९२६ पासून होपेई प्रांतातील तिंग जिल्ह्यात प्रत्यक्ष खेड्यांत काम आरंभले. पुढे ते सहकुटुंब तेथेच राहावयास गेले. अज्ञान, दारिद्र्य, रोग आणि सार्वजनिक वृत्तीचा अभाव हे चार विकार एकमेकांत गुंतलेले असल्याने एकट्या साक्षरतेने काही साधणार नाही, असे त्यांचे निदान होते. तेथील आरोग्यकार्य डॉ. चेन झीछियेन ह्यांनी पाहिले. त्यांनी गावातीलच एका शेतकऱ्याला अल्प मुदतीचे शिक्षण देऊन देवी टोचणे, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणे, विहिरीचे पाणी शुद्ध करणे, जखमा बांधणे ही कामे सोपविली. त्याच्याजवळ औषधांची एक साधी पेटी असे. खर्च एवढा अल्प की गावाला तो झेपावा. साठ-सत्तरच्या दशकांत जगभर गाजलेल्या चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’चे मूळ ह्या पेटीत शोधता येते. यान ह्यांच्या कार्यात धर्मोपदेश नव्हता. परंतु प्रेरणा ख्रिस्ती होती, हे त्यांनी कधी लपविले नाही. १९३७ च्या जपानी आक्रमणाने तिंगचा प्रयोग थांबला. यान ह्यांनी पुढे फिलिपीन्समध्ये ते कार्य चालविले आणि १९६० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

युद्धाने सेवेची अखेरची परीक्षा घेतली. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंग पडले तेव्हा जिनलिंग महिला महाविद्यालयाच्या आवारात मिनी वॉट्रिन ह्या अमेरिकन शिक्षिकेने स्त्रिया व मुलांसाठी आश्रयस्थान उघडले. एके काळी तेथे दहा हजारांपर्यंत जीव दाटीवाटीने राहिले. दारात उभे राहून जपानी सैनिकांना अडविणे हे त्यांचे रोजचे काम होते. त्यांच्या सहकारी चेंग रुइफांग ह्यांनीही त्या दिवसांची दैनंदिनी लिहून ठेवली आहे. त्या ताणाने वॉट्रिन खचल्या आणि १९४१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्य वू यीफांग ह्यांनी १९४५ मध्ये चीनच्या प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर स्वाक्षरी केली. उत्तरेकडे होपेईच्या डोंगरात न्यूझीलंडच्या मिशनरी परिचारिका कॅथलीन हॉल ह्यांनी जपानी पहाऱ्यातून औषधे आणून डॉ. नॉर्मन बेथून ह्यांना पुरविली; ह्या अपराधाबद्दल जपान्यांनी १९३९ मध्ये त्यांचे केंद्र जाळले. त्याच रणक्षेत्रात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बेथून ह्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच दिवंगत झाले. बेथून कम्युनिस्ट, हॉल मिशनरी आणि कोटणीस राष्ट्रीय काँग्रेसने पाठविलेल्या पथकातील. पण जखमी माणसाच्या दृष्टीने त्यांच्यात कोणताच भेद नव्हता.

१९४९ मध्ये लोकसत्ताक चीनची स्थापना झाली. १९५० मध्ये वू याओझोंग ह्यांच्या पुढाकाराने निघालेल्या जाहीरनाम्याने परक्यांशी असलेले संबंध तोडण्याचे आवाहन केले. कोरियन युद्ध पेटले आणि दोनतीन वर्षांत बहुतेक सर्व परके मिशनरी देश सोडून गेले. १९५२ मध्ये ख्रिस्ती महाविद्यालये सरकारी विद्यापीठांत विलीन झाली. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ह्या तीन तत्त्वांवर १९५४ मध्ये प्रॉटेस्टंटांची देशभक्त संघटना उभी राहिली. ही तत्त्वे मूळची मिशनऱ्यांचीच होती. परंतु आता त्यांचा अर्थ राज्य ठरवू लागले. ज्यांनी तो मानला नाही त्यांना मोठी किंमत द्यावी लागली. वांग मिंगदाओ हे १९५५ मध्ये तुरुंगात गेले आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांना बंदिवास घडला. शांघायचे कॅथलिक बिशप गोंग पिनमेई ह्यांनाही त्याच वर्षी अटक झाली. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत सर्वच प्रार्थनामंदिरांना टाळे लागले.

ह्यानंतर जे घडले त्याचा अंदाज कोणासच नव्हता. १९४९ मध्ये प्रॉटेस्टंटांची संख्या दहा लाखांच्या आत, तर कॅथलिकांची तीस लाखांच्या आसपास होती. चीन सरकारने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत हे आकडे अनुक्रमे ३ कोटी ८० लाख आणि ६० लाख असे दिले आहेत. दीडशे वर्षांच्या मिशनकार्याने जे साधले नाही ते मिशनरी गेल्यावर साधले. रुग्णालये व शाळा हातच्या गेल्यावर उरली ती घराघरांतील लहान मंडळे. ती चालविली बहुधा वयस्क स्त्रियांनी. त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना पदवी, ना परक्या वकिलातीचे संरक्षण. आजाऱ्याजवळ बसणे, त्याच्यासाठी प्रार्थना करणे, शेजाऱ्याच्या शेतात हात लावणे एवढीच त्यांची सेवा होती.

१९७९ पासून प्रार्थनामंदिरे पुन्हा उघडू लागली. बिशप दिंग ग्वांगशून ह्यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये नानजिंग येथे अ‍ॅमिटी फाउंडेशन स्थापन झाले. चिनी ख्रिस्ती लोकांनी, ख्रिस्ती नसलेल्या देशबांधवांच्या सहकार्याने, सर्व समाजासाठी काम करावे ही त्यामागील भूमिका होती. ग्रामीण आरोग्य, अंधांचे शिक्षण, पूरग्रस्तांना मदत अशा कामांत ही संस्था उतरली. तिच्या मुद्रणालयाने २०१२ पर्यंत बायबलच्या दहा कोटी प्रती छापल्या. दुसरीकडे सरकारी नोंदणी न स्वीकारणारी मंडळे नगरांत वाढली. त्यांच्यावरील बंधनेही वाढत गेली. २०१४ नंतर च-च्यांग प्रांतात प्रार्थनामंदिरांवरील शेकडो क्रूस उतरविण्यात आले. परदेशी संस्थांवरील कायदा २०१७ मध्ये आणि धर्मविषयक सुधारित नियम २०१८ मध्ये अमलात आले. चेंगदूचे पाळक वांग यी ह्यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. बिशपांच्या नेमणुकांबाबत रोम आणि बीजिंग ह्यांच्यात २०१८ मध्ये हंगामी करार झाला व त्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. पूर्वजपूजेचा वाद शमला तरी चिनी ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा कांगशींच्या काळातील प्रश्न अद्याप सुटलेला नाही. पूर्वी दोन दावेदार होते, रोम आणि राजदरबार. आज तिसरा दावेदार पुढे आला आहे: स्वतः श्रद्धावान.

ह्या दीर्घ इतिहासाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे सांगता येईल. सत्तेच्या आधाराने आलेली सेवा, मग ती सत्ता परकी असो की स्वकीय, सत्तेबरोबर संशयही घेऊन येते. तिएनजिनच्या जोगिणींचा त्याग खोटा नव्हता, पण तोफांच्या छायेत तो लोकांना दिसू शकला नाही. ह्याउलट युक्लिडच्या भाषांतरातील संज्ञा, शी मेइयू ह्यांनी तयार केलेल्या परिचारिका आणि तिंग जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या खांद्यावरची औषधांची पेटी ह्या गोष्टी टिकल्या. कारण त्या चिनी माणसांच्या हाती गेल्या आणि त्यांनी त्या आपल्या गरजेनुसार बदलून घेतल्या. कँटनचे ते जुने नेत्र-रुग्णालय आज सुन यत-सेन ह्यांच्या नावाने ओळखले जाते. तेथे येणाऱ्या रुग्णांपैकी फारच थोड्यांना पार्कर हे नाव ठाऊक असेल. सेवा समाजाच्या अंगी मुरली म्हणजे सेवकाच्या नावाची गरज उरत नाही, आणि रुग्णाला तर ती कधीच नव्हती.